बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रातून संसर्गजन्य रोगांच्या संशोधनाकडे : बेळगावात राहून काय करता येईल?

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हे माझे विषय आहेत. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. नीटमध्ये सरकारी जागा मिळण्याइतके गुण पडले नाहीत आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून इकडे प्रवेश घेतला. परंतु आता हा विषय मनापासून आवडू लागला आहे.

काजूच्या हंगामात आमच्या भागातील बरीच माणसे गोव्यातील बागांत कामाला जातात. गेल्या उन्हाळ्यात तिकडून परतलेल्या शेजारच्या काकू तापाने बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. विडाल चाचणी पॉझिटिव्ह आली, टायफॉइड समजून सलाईन आणि इंजेक्शने झाली आणि काकू बऱ्याही झाल्या. पण विडालच्या मर्यादा वर्गात शिकल्यापासून तो ताप खरोखर टायफॉइडचाच होता का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. असे प्रश्न सोडवणे हेच काम म्हणून करता येते, असे ऐकले आहे.

त्यासाठी एम.बी.बी.एस. असावेच लागते का? पदवीचे शिक्षण चालू असतानाच बेळगावात काही अनुभव मिळू शकेल का? आणि पुढे एम.एस्सी. कशात करावी? वडिलांचे म्हणणे आहे की बी.एड. करून शाळेत लागावे. त्यांचेही चूक आहे असे मला वाटत नाही, त्यामुळे कृपया खरे चित्र सांगावे.

टिळकवाडीकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : आवश्यक नाही. रुग्णाला तपासणे, त्याच्यावर उपचार करणे, औषध किंवा लशीच्या चाचणीत रुग्णांची वैद्यकीय जबाबदारी घेणे ही कामे डॉक्टरांचीच आहेत आणि तशीच राहिली पाहिजेत. परंतु रोगजंतू कसा पसरतो, औषधाला का जुमानत नाही, निदानाची चाचणी कितपत विश्वासार्ह आहे, या प्रश्नांवर काम करणाऱ्यांत सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र आणि पशुवैद्यक शिकलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. खुद्द पाश्चर रसायनशास्त्राचे होते.

बेळगावात काय आहे, असे तुम्ही विचारले आहे. नेहरूनगरमध्ये आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. २००६ मध्ये ती प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. तिचा मुख्य विषय औषधी वनस्पतींचा असला, तरी तिथली शिस्त आणि काम करण्याची रीत जवळून पाहणे हेच दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुष्कळ आहे. शहरात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत रोज रुग्णांचे नमुने येतात. २०२० साली कोव्हॅक्सिनच्या मानवी चाचणीसाठी देशभरातून जी बारा केंद्रे निवडली गेली, त्यांतले एक बेळगावातले रुग्णालय होते. आणि ज्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपण सकाळी फिरायला जातो, तिथे इंग्रजी अमदानीत देवीची लस तयार होत असे, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे कोण जाणे! त्या काळी ही लस वासरांच्या कातडीवर वाढवत.

तरीही माझा आग्रह असा, की बाहेर दार ठोठावण्यापूर्वी स्वतःच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेतून जितके काढून घेता येईल तितके घ्यावे. एक साधे उदाहरण देतो. प्रतिजैविकाच्या चकत्या ठेवून जिवाणूची संवेदनशीलता तपासण्याचा प्रयोग तुमच्या अभ्यासक्रमात असणारच. एकाच वर्गात, एकाच जिवाणूवर, एकाच चकतीभोवती जिवाणू न वाढल्याचे वर्तुळ एका विद्यार्थ्याचे १८ मिलिमीटरचे येते आणि दुसऱ्याचे २३. बहुतेक जण वहीत आकडा लिहून मोकळे होतात. हा फरक का पडला, हे शोधायला बसा. अगार, म्हणजे जिवाणू वाढवण्याचे घट्ट माध्यम, प्लेटमध्ये ४ मिलिमीटर जाडीचा ओतला होता का? जाड थरात औषध खोल उतरते आणि वर्तुळ लहान दिसते. जिवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या ठरलेल्या प्रमाणाशी ताडून पाहिला होता का, की डोळ्यांच्या अंदाजाने ठरवला? गढूळपणा जास्त म्हणजे जिवाणू जास्त, आणि वर्तुळ पुन्हा लहान. प्लेटवर जिवाणू पसरवल्यानंतर चकती वेळेत ठेवली का? इन्क्युबेटरचे तापमान खरोखर ३५ अंश होते का, की बाहेरच्या पट्टीवर तसे दिसत होते एवढेच? आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याचे वर्तुळ किती यावे हे आधीच ठाऊक आहे असा ए.टी.सी.सी. २५९२२ सारखा ई. कोलायचा नियंत्रण जिवाणू सोबत लावला होता का?

आयसीएमआरने २०१३ मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर लक्ष ठेवण्यासाठी देशातील रुग्णालयांचे जे जाळे उभे केले, त्याचा सारा डोलारा अशाच बारीकसारीक शिस्तीवर उभा आहे. प्रयोगवहीत तारीख, माध्यमाचा बॅच क्रमांक, बिघडलेल्या प्लेटचीही नोंद, हे सारे आजपासून लिहू लागा. मुलाखतीत मी नेहमी विद्यार्थ्याची वही मागतो, गुणपत्रिका नंतर.

उन्हाळ्याच्या सुटीसाठी बेंगळूरुची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी (इन्सा) आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून संयुक्त अभ्यासवृत्ती देतात. निवड झाली तर देशातील एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करता येते, आणि बी.एस्सी.चे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. बेंगळूरुच्या जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू केंद्राचीही अशी योजना आहे. आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती मात्र वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असते. त्या जाहिराती पाहून निराश होऊ नका.

वेदगंगा

मी मूळची निपाणीची. गेली काही वर्षे साथरोगशास्त्राच्या प्रकल्पांवर क्षेत्रीय काम करते. सरांनी प्रयोगशाळेचे सांगितलेच आहे. मला काकूंच्या तापाविषयी बोलायचे आहे, कारण तुमचा खरा विषय तिथेच आहे असे मला वाटते.

एकदाच केलेल्या विडालवर विसंबता येत नाही. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच एखाद्या तापातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडचे निदान पक्के करायचे तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करावे लागते, म्हणजे रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागतात, आणि आपल्याकडे रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत मेडिकलमधून आणलेल्या दोन-चार गोळ्या पोटात गेलेल्या असतात. मग तो ताप कशाचा असेल? भातशेतीच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. झुडपांत वावरणाऱ्यांना चिगर माइट नावाचा बारीक जीव चावून स्क्रब टायफस होतो. त्यात कित्येकदा काखेत किंवा कमरेच्या पट्ट्यात एक काळी खपली दिसते, परंतु तिथे पाहायचेच राहून जाते. डेंगी आणि चिकनगुन्या तर आहेतच. आणि तुमच्या काकू काजूच्या बागेतून आल्या होत्या म्हणून माकडतापाचाही विचार करायला हवा होता.

माकडतापाची गोष्ट आपल्या राज्यातलीच आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांतील माणसेही तापाने फणफणू लागली. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्याचा छडा लावला. विषाणू नवा निघाला आणि तो गोचिडीतून पसरतो हे कळले. त्यानंतर कित्येक दशके हा रोग शिमोगा आणि आसपासच्या मलनाडापुरताच आहे असे मानले जात होते. परंतु २०१२ नंतर तो बंडीपूर, वायनाड, मग २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग येथे आढळला. गोव्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झालेल्या आहेत. सत्तरी आणि दोडामार्ग ही तुमच्या कणकुंबी-जांबोटीच्या घाटाखालचेच मुलूख आहेत, हे नकाशा न उघडताही तुम्हाला ठाऊक असेल. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा आणि सुकी पाने गोळा करण्याचा. माकडतापावरच्या जुन्या लशीचा परिणाम पुरेसा राहिला नाही म्हणून तिचा वापर थांबला असून नव्या लशीवर काम चालू आहे.

आता यात पदवीच्या विद्यार्थिनीने काय करायचे? विषाणूला हात लावण्याचा प्रश्नच नाही. ते काम उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच होते. रक्ताचे नमुने घेण्याचाही नाही. परंतु गोचिडी गोळा करून ओळखणे हे स्वतंत्र आणि फार कमी लोकांना येणारे कौशल्य आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचे साधारण मीटरभर कापड काठीला बांधून जंगलातील पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचे, काही पावलांनी थांबून ते उलटे करायचे आणि खसखशीएवढ्या पिल्लांना चिमट्याने उचलून कुपीत टाकायचे. पहिल्या दिवशी कापडावर काहीच दिसत नाही. नजर बसली की तेच कापड हलताना दिसते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तोंडाची रचना पाहून जात ठरवायची. माकडतापात हीमाफायसालिस स्पिनिजेरा ही जात मुख्य मानली जाते. मात्र हे अनुभवी कीटकशास्त्रज्ञांच्या सोबतीने, वनखात्याच्या परवानगीने आणि पूर्ण बाह्या, मोजे, गमबूट घालूनच करायचे. उत्साहाच्या भरात मैत्रिणींना घेऊन रानात जाऊ नका.

दुसरे काम माहितीचे. तुमच्या तालुक्यातील तापाच्या रुग्णांपैकी कितीजणांची विडाल झाली आणि कितीजणांचे रक्त कल्चरला गेले, एवढा एक प्रश्न घेतला तरी तिसऱ्या वर्षाचा उत्तम प्रकल्प होतो. त्यासाठी मार्गदर्शक शिक्षकांच्या नावे संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यावी लागेल, रुग्णांची नावे नोंदीतून काढावी लागतील आणि संख्याशास्त्र शिकावे लागेल. आकडे मांडायला आर हे संगणकीय साधन फुकट मिळते, थोडे अवघड आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांवर तयार केलेला अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर पाहता येतो. तो आधी करा, कारण अंश मिळवणे सोपे असते. छेद कोणता, म्हणजे एकूण किती जणांपैकी हे कसे धरायचे, यावर पुष्कळ संशोधक अडतात.

साध्या प्रश्नाला कमी लेखू नका. क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्येच ठेवायला हवे, घरी ठेवले तर घरच्यांना लागण होईल, असे १९५० च्या दशकापर्यंत सगळे धरून चालले होते. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरोग रुग्णालय जुन्या माणसांना आठवत असेल. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने काही रुग्णांना घरी आणि काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवून तेच औषध दिले आणि दोन्हीकडे परिणाम जवळपास सारखे येतात हे दाखवून दिले. औषध नवे नव्हते. प्रश्न कोणी नीट विचारला नव्हता, एवढेच.

आणखी एक. तुम्हाला मराठी येते, कन्नड येते, घाटाखालची कोकणीही कानावर असेल. मुलाखती घेणाऱ्या पथकात अशा माणसाला किती मोल असते, हे बाहेरून आलेल्या संशोधकांना दुभाष्या शोधत फिरताना पाहिले की कळते. नुसता "ताप होता का" असा प्रश्न विचारून भागत नाही. आपल्याकडे कणकण, हुडहुडी, अंग मोडून येणे यांतले प्रत्येक वेगळे सांगितले जाते आणि प्रश्नावलीत ते वेगळेच उतरले पाहिजे.

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. थोडक्यात भर घालतो. काकूंच्या घरी गाईम्हशी असतील आणि कोणी गाभण जनावर मध्येच गाभडले असेल, तर ब्रुसेलोसिसही यादीत घ्या. वार, म्हणजे गर्भाचे आवरण, हाताने काढताना किंवा कच्चे दूध पिण्यातून तो माणसाला होतो, ताप येत-जात राहतो आणि सांधे धरतात. बेंगळूरुच्या येलहंका येथील निवेदी ही संस्था जनावरांच्या साथरोगांवर काम करते. माकडतापातही प्रौढ गोचिडी गुरांवर पोसल्या जातात, त्यामुळे गोठा सोडून या रोगाचा अभ्यास पुरा होत नाही. माणसांचे डॉक्टर आम्हाला सहसा शेवटी विचारतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवले.

चंदगडी

वर सर्वांनी लिहिलेले पटते, परंतु प्रश्नकर्तीने खरे चित्र मागितले आहे आणि पैशांविषयी कोणी बोललेले नाही.

मी पीएच.डी. करून बाहेर पडलो आहे. बी.एस्सी.नंतर दोन वर्षे एम.एस्सी., मग नेट किंवा तत्सम परीक्षा, मग पाच-सहा वर्षे पीएच.डी., त्यानंतर एक-दोन कंत्राटी नेमणुका, आणि मग कुठे स्थिर जागेचा विचार. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे पीएच.डी.च्या काळात माणूस घरावर ओझे होत नाही, मात्र ही रक्कम कित्येकदा महिनोन्‌महिने उशिरा जमा होते, हेही गृहीत धरावे. खरी अडचण एम.एस्सी.च्या दोन वर्षांची असते, कारण तेव्हा हातात काहीच येत नाही. म्हणून जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा जरूर द्या. त्या जागांना विद्यावेतन असते. राष्ट्रीय विषाणू संस्थेत पुणे विद्यापीठाशी संलग्न अशी विषाणूशास्त्राची एम.एस्सी. आहे. जागा थोड्या आहेत, पण विषाणूंवर काम करायचे पक्के असेल तर त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती होती का, हेही तपासा. तिच्यातील २०,००० रुपये उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात.

महाराष्ट्रात प्रवेश घ्यायचा असेल तर सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांसाठी कित्येक व्यावसायिक प्रवेशप्रक्रियांत स्वतंत्र तरतूद आहे. ती कोणत्या अभ्यासक्रमाला लागू आहे आणि दाखला कोणाचा लागतो, हे त्या-त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. गावातल्या पुढाऱ्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नये.

वेदगंगा ताईंशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. दुसऱ्या वर्षाला असताना एखाद्या रोगाच्या प्रेमात पडू नये असे मला वाटते. निधी रोगांच्या मागे फिरतो. आज जो विषय गाजतो आहे त्याचे पैसे उद्या आटतात. त्याऐवजी एखादी पद्धत हाती घट्ट धरावी. जंतूचा जनुकीय अंश अनेकपट वाढवून ओळखणारी पी.सी.आर. असो, जनुकक्रमाचे विश्लेषण असो किंवा संख्याशास्त्र असो, ती कोणत्याही रोगाला उपयोगी पडते. क्षयाच्या निदानासाठी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पोहोचलेले, पी.सी.आर.वरच चालणारे ट्रूनॅट हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीचे आहे, आणि कोरोना आल्यावर तेच तंत्र काही महिन्यांत त्या चाचणीला वापरले गेले. ज्यांना तंत्र येत होते त्यांना नवा रोग नव्याने शिकावा लागला नाही.

बी.एड.बद्दल वडिलांना दोष देऊ नका. एम.एस्सी. झाल्यावरही बी.एड. करता येते, उलटा प्रवास मात्र फार थोड्यांना जमतो. हा हिशेब त्यांच्यापुढे मांडून पाहा.

वेदगंगा

चंदगडीकरांचा मुद्दा मान्य आहे, पण पूर्ण नाही. पद्धत प्रश्नाच्या ओढीने शिकली जाते. नुसते आर शिका म्हटले तर आठवड्याभरात कोणीही सोडून देईल. आपल्या तालुक्याचे आकडे समोर असले की माणूस रात्री जागून शिकतो. रोग बदलेल, हे खरेच. तोपर्यंत हात तयार झालेला असतो.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गोठ्यातल्या डॉक्टरांचे विशेष, कारण काकूंची म्हैस खरोखरच गाभडली होती आणि तिची वार काकूंनीच काढली होती. ही गोष्ट त्यांना कोणीच विचारली नव्हती.

दोन शंका उरल्या आहेत. शोधनिबंध इंग्रजीत असतात आणि मला एक पान वाचायला तास लागतो. आणि अभ्यासवृत्तीच्या अर्जाला शिफारसपत्र लागते; आमचे विभागप्रमुख मला नावानेही ओळखत नाहीत.

टिळकवाडीकर

काकूंना सांधेदुखी किंवा पुन्हा ताप असेल तर आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि म्हशीचे आवर्जून सांगा, प्रकल्प नंतर.

इंग्रजीची फार धास्ती घेऊ नका. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो. आधी सारांश, मग सारण्या आणि आकृत्या, आणि त्यांवरून लेखकांना काय सापडले असावे ते मराठीत स्वतःच्या वहीत लिहायचे. नंतर पद्धतीचा भाग वाचायचा आणि शेवटी लेखकांचे म्हणणे आपल्या नोंदीशी ताडून पाहायचे. पानाला तास लागतो ही तक्रार पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाची मुलेही करतात. गोव्यातील काजू कामगारांवरचा निबंध आधी घ्या. त्यातली परिस्थिती ओळखीची असल्यामुळे शब्द अडले तरी अर्थ अडणार नाही.

शिफारसपत्र विभागप्रमुखांचेच हवे असे नाही. ज्या शिक्षिका तुमचे प्रात्यक्षिक घेतात, त्यांच्याकडे वर सांगितलेला वर्तुळांच्या मापातील फरकाचा प्रयोग घेऊन जा आणि सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा वापरू देण्याची परवानगी मागा. साऱ्या वर्गाच्या मापांची एक सारणी करून त्यांच्यापुढे ठेवलीत, की पत्रात काय लिहावे हा प्रश्न त्यांना पडणार नाही. संयुक्त अभ्यासवृत्तीचे अर्ज साधारण पावसाळ्यानंतर निघतात, तेव्हा हे काम पहिल्या अंतर्गत परीक्षेच्या आधी उरकून घ्या.

बाहेरच्या शास्त्रज्ञांना लिहाल तेव्हा "मला संशोधनाची आवड आहे" या वाक्याने सुरुवात करू नका. तसली पत्रे ढिगाने येतात. त्यांचा एक निबंध वाचून त्यातील न समजलेली एक गोष्ट विचारा, तुम्हाला काय काय करता येते ते दोन ओळींत लिहा, आणि काजूच्या हंगामात गोव्याला जाणाऱ्या गावातून लिहिते आहे हेही सांगा. उत्तर आले नाही तर पंधरवड्याने एकदा आठवण करा, आणि मग दुसऱ्या शास्त्रज्ञांना लिहा. पत्राचा मसुदा इथे टाकलात तर आम्ही पाहून देऊ.